जागेवाली

जुलैच्या पहिल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे संस्था, उजवीकडे संस्थापक. सातवीची मुलं, बाहेर वसईचा पाऊस, आणि हॉलच्या पत्र्यावर असा दणदणाट की शिकवायचं म्हणजे ओरडायचंच. फ्रान्सिस्कन, असिसीचे संत फ्रान्सिस. डॉमिनिकन, संत डॉमिनिक. येशूसंघ, संत इग्नेशियस. मुलं मुकाट्याने वहीत उतरवत होती. १६ तारखेला कार्मेल मातेचा, म्हणजे येशूच्या आईचा, मारियेचा सण होता, तिथपर्यंत विषय न्यायचा म्हणून मी डावीकडे ‘कार्मेलाईट’ लिहिलं. उजवीकडे खडू टेकवला आणि हात थांबला.

मागच्या बाकावर एक मुलगी आहे. एरवी खिडकीबाहेरच बघत असते. नेमकं तिचं लक्ष होतं.

“सर, तिथे कोण?”

“तिथे कोणी नाही.”

“असं कसं? कोणीतरी काढलीच असणार ना!”

‘संदेष्टा एलीया’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. रोमला सेंट पीटर्स बॅसिलिकात वेगवेगळ्या धर्मसंघांच्या संस्थापकांचे पुतळे ओळीने उभे आहेत. त्यांत एलीयाचाही आहे, १७२७ साली बसवलेला. खाली लॅटिनमध्ये कोरलंय की हा समस्त कार्मेलाईट संघाने आपल्या संस्थापकासाठी उभारला. आता एलीया म्हणजे बायबलच्या जुन्या करारातला, ख्रिस्ताच्या साधारण साडेआठशे वर्षं आधीचा माणूस. ख्रिस्ती संस्थेचा संस्थापक ख्रिस्ताच्याही आधी होऊन गेलेला, हे सातवीच्या पोरांना सांगायचं तर पुढचे चार प्रश्न झेलायची तयारी हवी. माझी नव्हती. “पुढच्या रविवारी सांगतो,” म्हणालो आणि घंटेची वाट बघत बसलो.

घरी येताना मनात आलं, ही पोरगी जवळजवळ साडेसातशे वर्षं उशिरा आली. तिचा प्रश्न जुनाच आहे. १२८१ साली लंडनला कार्मेलाईटांची महासभा भरली होती. तिथे जी नियमावली ठरली तिचं पहिलंच कलम या प्रश्नाबद्दल आहे. आपला संघ कोणापासून आणि कसा सुरू झाला असं लोक विचारतात, आणि आपल्यातल्या तरुण बंधूंना नीट उत्तर देता येत नाही, तेव्हा त्यांनी असं असं सांगावं, अशा अर्थाचं. एखाद्या संस्थेच्या नियमावलीची सुरुवातच ‘कोणी विचारलं तर काय सांगायचं’ अशी व्हावी, यातच सगळं आलं. फ्रान्सिस्कनांना असलं कलम कशाला लागेल? त्यांच्याकडे फ्रान्सिस होता. त्याचा झगा होता, त्याला ओळखणारी माणसं होती. कार्मेलवाल्यांकडे एक डोंगर होता, आणि तोही हातातून चालला होता.

कार्मेल हा एकच सुळका नाही. आजच्या हायफा शहरापासून आग्नेयेकडे ३९ किलोमीटर पसरलेली ती डोंगररांग आहे. सर्वांत उंच जागा ५४६ मीटर, म्हणजे आमच्या तुंगारेश्वराहूनही बुटकी. हिब्रूत ‘कार्मेल’ म्हणजे फळबाग, मळा. वसईच्या माणसाला एका शब्दात सांगायचं तर वाडी. या डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला एक अरुंद दरी आहे, वादी एस-सियाह. अरबीत दरीला ‘वादी’ म्हणतात. आपल्या वाडीशी त्या शब्दाचं काही नातं नाही हे मला ठाऊक आहे, पण कानाला ते लागतंच. त्या दरीत एक झरा आहे. एलीयाचा झरा म्हणतात त्याला. १९५८ साली बेल्लारमिनो बागात्ती या फ्रान्सिस्कन पुरातत्त्वज्ञाने तिथे खणलं तेव्हा एका छोट्या चर्चचे आणि मठाचे अवशेष हाती लागले.

तर या झऱ्यापाशी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला काही युरोपीय माणसं राहत होती. तिसरं क्रूसयुद्ध उलटून गेलं होतं. जेरुसलेम गेलं होतं, किनारपट्टी तेवढी लॅटिन ख्रिस्ती सत्तेकडे उरली होती आणि तिची राजधानी होती आक्र. कोणी यात्रेला आलेला, कोणी लढायला आलेला असेल. घरी परत जायचं सोडून ही माणसं डोंगराच्या कपारीत राहिली, झऱ्याचं पाणी प्यायली, प्रार्थना करू लागली. संस्था काढायला ती आलीच नव्हती. आपली नावं लिहून ठेवावीत असंही त्यांना वाटलं नाही.

पुढे त्यांना वाटलं की आपल्या जगण्याला काहीतरी रीत हवी. म्हणून १२०६ ते १२१४ या काळात कधीतरी ती आल्बर्टकडे गेली. आल्बर्ट हा जेरुसलेमचा लॅटिन पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू. जेरुसलेम हातात नसल्यामुळे त्याचा मुक्काम आक्रला होता. त्याने त्यांना एक पत्र लिहून दिलं. ते पत्र म्हणजेच कार्मेलाईटांचा नियम. फ्रान्सिस्कनांसारख्या संघांचा नियम संस्थापकाने आपल्या शिष्यांना दिलेला असतो. इथे नियम लिहिणारा संघातलाच नव्हे, आणि ज्याच्या नावाने लिहिला त्याचं नाव एकाच अक्षराचं: ‘ब.’ ब. आणि त्याच्या आज्ञेत झऱ्यापाशी राहणारे इतर एकांतवासी, एवढाच मायना. नंतरच्या लोकांनी त्या ‘ब.’चा ब्रोकार्ड केला. मला तो ‘ब.’च बरा वाटतो. आल्बर्टचा शेवट वाईट झाला. १४ सप्टेंबर १२१४ रोजी आक्रमध्ये क्रुसाच्या सणाच्या मिरवणुकीत त्याला भोसकून मारलं. त्याने पदावरून काढलेल्या एका धर्मरुग्णालयाच्या प्रमुखानेच ते केलं.

पत्र छोटं आहे, आणि वाचायला सुखाचं आहे. प्रत्येकाची खोली वेगळी असावी. प्रमुखाची खोली वाटेच्या तोंडाशी असावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला पहिला तो भेटेल. दिवसरात्र प्रभूच्या नियमाचं चिंतन करावं. मांस खाऊ नये. क्रुसाच्या सणापासून पास्क्यापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, उपास करावा. हाताला काम असावं. रात्री मौन. आणि सगळ्या खोल्यांच्या मधोमध, शक्य असेल तर, एक प्रार्थनामंदिर असावं, रोज सकाळी तिथे सर्वांनी मिस्सासाठी, म्हणजे उपासनेसाठी, जमावं.

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं ते एकच गोष्ट शोधत: यात मारिया कुठे आहे? ज्या संघाचं नावच पुढे ‘कार्मेल पर्वताच्या धन्य कुमारी मारियेचे बंधू’ असं झालं, ज्याच्या नावाने आमच्याकडे दर जुलैला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, होते, त्याच्या पायाच्या दगडावर तिचं नाव असणारच, असा माझा समज. पत्र संपलं. नाव नाही. पुन्हा वाचलं. एकदाही नाही.

माझा जरा हिरमोड झाला हे कबूल करतो. इतकी मोठी भक्ती, आणि मूळ कागदात तिचा पत्ताच नाही!

मग काही दिवसांनी तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच यात्रावर्णनाचा उल्लेख वाचनात आला. पवित्र भूमीला जाणाऱ्या यात्रेकरूंनी कुठून कुठे जावं, वाटेत काय बघावं, हे सांगणारं ते लिखाण. त्यात कार्मेलच्या उतारावर फार सुंदर जागी लॅटिन एकांतवासी राहतात आणि तिथे ‘नोत्र दाम’चं, म्हणजे आमच्या मारियामातेचं, एक छोटंसं सुंदर चर्च आहे, असं येतं. म्हणजे कागदात नव्हती ती जागेवर होती. आल्बर्टने मधोमध प्रार्थनामंदिर बांधा म्हटलं, कोणाच्या नावाने ते सांगितलं नाही. त्यांनी बांधलं, आणि तिच्या नावाने बांधलं.

आज हे आपल्याला फारसं विशेष वाटत नाही, कारण मारियेच्या नावाची चर्च पावलोपावली आहेत. पण त्या काळी चर्च ज्याच्या नावाने, त्या चर्चची माणसं त्याची. आल्बर्टच्या पत्राच्या सुरुवातीलाच एक शब्द येतो, ‘ओब्सेक्वियम’. येशू ख्रिस्ताच्या ओब्सेक्वियममध्ये जगणे. हा शब्द सरंजामी व्यवहारातलाही आहे. मराठीत त्याला चाकरी म्हणावं, पण महिन्याच्या पगाराची चाकरी नव्हे, तर वतनाची. धन्याची चाकरी करायची, धन्याने सांभाळायचं. पवित्र भूमी हे ख्रिस्ताचं स्वतःचं वतन, असं क्रूसयुद्धांच्या काळातली माणसं मानत. मग त्या वतनातल्या एका डोंगरावर, एका दरीत, तिच्या नावाच्या मंदिराभोवती राहणाऱ्यांची मालकीण कोण, हे वेगळं लिहायची गरजच नव्हती. जागेची स्वामिनी ती. म्हणून तिच्याबद्दल कलम नाही. ज्या घरात राहतो त्या घराच्या मालकिणीबद्दल कोणी रोजच्या कामांच्या यादीत लिहीत नाही.

हे मला पुस्तकातून कमी आणि आमच्या शेजारच्या मालवणी काकांमुळे जास्त उमगलं. ते कुडाळकडचे. त्यांच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात, आणि त्यात जागेवाल्याला हाक असते. विहीर खणताना, घराचा पाया घालताना, कधीकधी नुसतं परक्या माळरानात मुक्काम करतानाही. हा जागेवाला नेमका कोण, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, “तेचा नाव कशाक होया? जागो तेचो.” देव्हाऱ्यातल्या देवाला नाव असतं, कथा असते, आरती असते. जागेवाल्याची जागा असते. मी ख्रिस्ती माणूस, माझी श्रद्धा वेगळी, आणि कार्मेलच्या त्या फ्रेंच-इटालियन बुवांना कोकणातला राखणदार कळायचं कारण नाही. पण ‘जागेची स्वामिनी’ या शब्दांना माझ्या भाषेत उत्तर सापडलं ते काकांच्या अंगणात. जागेवाली.

या सगळ्याला खरी कलाटणी मिळाली ती जागा सुटली तेव्हा.

किनारपट्टीवर हल्ले वाढले, डोंगरात एकटंदुकटं राहणं धोक्याचं झालं. १२३८पासून हे लोक घोळक्याघोळक्याने युरोपात परतू लागले. सायप्रसला, सिसिलीत मेस्सिनाला, दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेयजवळ. १२४२ साली इंग्लंडात, उत्तरेला हल्न आणि केंट परगण्यात एल्सफर्ड. विचार करा, भूमध्य समुद्राकाठच्या उन्हातून उठून केंटच्या चिखलात. तिथे डोंगर नाही, झरा नाही, एलीया कोणाच्या स्वप्नात नाही. १२४७ साली पोप चौथे इनोसंट यांनी नियमात थोडे बदल करून त्यांना गावाशहरांत राहायची वाट मोकळी केली. एकांतवासी भिक्षू झाले, शहरांच्या गल्ल्यांत आले. तिथे फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन आधीच बसलेले. लोकांच्या दानाची, शिकवायच्या जागांची, मेलेल्यांच्या मिस्सांची सगळी वाटणी आधीच झालेली. त्यात हे नवे कोण? कपडेही विचित्र, पट्ट्यापट्ट्यांची घोंगडी. पॅरिसात लोक त्यांना ‘ले बारे’, पट्टेवाले, म्हणत.

१२५२च्या पोपच्या पत्रात मात्र त्यांचा उल्लेख ‘कार्मेल पर्वताच्या संत मारियेच्या संघाचे एकांतवासी बंधू’ असा येतो. डोंगर मागे राहिला, डोंगराचं नाव बरोबर आलं, आणि त्या नावाच्या मधोमध ती. १२९१ साली आक्र पडलं आणि कार्मेलवर उरलेलेही संपले. त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षं, १६३१पर्यंत, कार्मेल पर्वतावर कार्मेलाईटांचा मठ नव्हता. साडेतीनशे वर्षं संघाने त्या डोंगराचं नाव लावलं, जिथे त्याचा एकही माणूस राहत नव्हता.

आमची वाडी गेली तेव्हा मी अकरावीत होतो. केळीची वाडी, कडेला विहीर, आणि विहिरीपाशी चुन्याने रंगवलेल्या छोट्या कोनाड्यात मारियेची हातभर मूर्ती. वाडीच्या वाटण्या झाल्या, मग ती विकली गेली, मग तिथे चार मजली इमारत आली. आम्ही स्टेशनकडे फ्लॅटमध्ये गेलो. मूर्ती आजीने टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून रिक्षातून आणली. फ्लॅटच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या वर, तिला जागा मिळाली. आजी शेवटपर्यंत तिला ‘वाडीतली माऊली’च म्हणायची. “वाडीतल्या माऊलीला दिवा लावलास का?” आम्ही भावंडं हसायचो. आजी, वाडी कुठाय आता? ती आमच्याकडे असं बघायची की प्रश्नच मूर्खपणाचा आहे.

एल्सफर्डच्या त्या लोकांना हे लगेच कळलं असतं.

नाव नुसतं मायेचं नव्हतं, ते ढाल म्हणूनही वापरावं लागलं. १२१५च्या लॅटरन परिषदेने नवे धर्मसंघ काढायला बंदी घातली होती. १२७४ साली ल्योंच्या परिषदेने ती जोरात लावली. बरेच छोटे संघ बंद झाले. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, त्यांत मारियेच्या नावाचेही होते. नुसतं तिचं नाव घेऊन कोणी वाचलं नाही. कार्मेलाईट आणि ऑगस्टिनियन यांना तूर्त आहेत तसे राहू द्या, पुढे बघू, असं ठरलं. हे ‘पुढे बघू’ चोवीस वर्षं चाललं. १२९८ साली पोप आठवे बोनिफास यांनी ती टांगती तलवार काढली. या चोवीस वर्षांत कार्मेलाईटांनी काय काय केलं ते पाहिलं की भक्ती आणि व्यवहार एकमेकांत कसे विणलेले असतात ते दिसतं. १२८१ला नियमावलीत आपला उगम एलीयाशी जोडला. १२८२ला त्यांच्या प्रमुखाने, पिएर द मियो याने, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला मदतीसाठी पत्र लिहिलं आणि आमचा संघ खास त्या कुमारीच्या सन्मानासाठी स्थापला गेला असं त्यात मांडलं. १२८७ला मोंपेलिएच्या सभेत पट्ट्यांची घोंगडी टाकून पांढरा झगा घेतला. पट्ट्यांचीही त्यांनी गोष्ट केली होती: एलीया अग्निरथातून स्वर्गात जाताना त्याचा झगा खाली पडला, त्याला आच लागून ते पट्टे उमटले. आणि पांढरा? पांढरा तिचा, तिच्या शुद्धतेचा.

कोणी म्हणेल, ही तर जाहिरात झाली. मला तसं म्हणवत नाही. जाहिरात करणारा आपल्या मालावर विश्वास ठेवतोच असं नाही, आणि हे लोक जे सांगत होते त्यावर आयुष्य काढत होते. पण एक मान्य करायला हवं, की मारिया आणि एलीया या दोघांवर त्यांनी संस्थापकाची रिकामी जागा भरण्याचं ओझं टाकलं, आणि ते ओझं कधीकधी फार झालं. इतरांचे टोमणे होतेच. मारियेचे म्हणवता, पण कुठल्या मारियेचे? ती नव्हे, इजिप्तची मारिया असेल, ती आधी वेश्या होती ती! १३७४ साली केंब्रिज विद्यापीठात हा वाद अक्षरशः खटल्यासारखा लढवला गेला. एका बाजूला डॉमिनिकन जॉन स्टोक्स, दुसऱ्या बाजूला कार्मेलाईट जॉन हॉर्नबी. मारियेचे बंधू म्हणवून घ्यायचा यांना हक्क आहे का? पुढच्या वर्षी निकाल कार्मेलाईटांच्या बाजूने लागला. नावासाठी लढणं आपल्या महाराष्ट्राला काही नवं नाही, तेव्हा मी हसत नाही.

पण या भांडाभांडीतूनच त्यांच्या हाती एक सुंदर गोष्ट आली. जुन्या करारात, राजांच्या पहिल्या पुस्तकात, एलीया कार्मेलच्या माथ्यावर बसलाय. तीन वर्षांचा दुष्काळ. तो चाकराला म्हणतो, जा, समुद्राकडे बघ. काही नाही. पुन्हा जा. सहा वेळा काही नाही. सातव्या वेळी चाकर म्हणतो, माणसाच्या तळहाताएवढा एक ढग समुद्रातून वर येतोय. आणि मग आभाळ काळवंडतं, पाऊस येतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फेलीप रिबोट या कातालान कार्मेलाईटाने संघाच्या उगमाच्या सगळ्या कथा एकत्र बांधल्या, त्यात हा ढग म्हणजे मारिया. खाऱ्या समुद्रातून उठलेला, पण खारट नसलेला. तळहाताएवढा, पण आतमध्ये सगळा पाऊस. म्हणजे एलीयाने तिला जन्माच्या शेकडो वर्षं आधी पाहिलं, आणि त्या डोंगरावरचे लोक तेव्हापासून तिचीच वाट बघत होते.

इतिहास म्हणून याला एका ओळीचाही आधार नाही. सतराव्या शतकात डॅनियल पापेब्रोक या येशूसंघीय अभ्यासकाने संघाचं एलीयाशी असलेलं नातं खोडून काढलं, तेव्हा असा गदारोळ झाला की स्पेनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्याच्या ग्रंथांवर बंदी घातली आणि १६९८ साली पोपना दोन्ही बाजूंना गप्प बसा असा हुकूम काढावा लागला. पापेब्रोकचं म्हणणं बरोबर होतं. पण दर जूनला पश्चिमेकडे, अर्नाळ्याच्या दिशेला, समुद्रावर पहिला ढग बघणाऱ्या माणसाला रिबोटचं म्हणणं समजायला अभ्यासक लागत नाही.

याच काळात कार्मेलाईट लेखक आणखी एक गोष्ट म्हणू लागले, आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटते. आम्ही बंधू, तर ती आमची बहीण. आई सगळ्यांची आहेच, राणीही आहे, पण बहीण म्हणण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही. बहिणीशी माणूस वेगळं वागतो. तिच्यावर रुसता येतं, तिच्या घरी न सांगता जाता येतं. गोव्यात म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी मानतात, सणाला एकमेकींकडे तेल आणि फुलं जातात. केंब्रिजच्या वकिलांनी कपाळाला हात लावला असता. आमच्या मुलखात तो रस्ता वर्षानुवर्षं रुळलेला आहे.

आता स्कॅप्युलरबद्दल. वसईत कार्मेल माता म्हटलं की लोकांना डोंगर नाही, गळ्यातलं ते आठवतं. तपकिरी लोकरीचे दोन चौकोनी तुकडे, दोरीने जोडलेले, एक छातीवर, एक पाठीवर. मूळ स्कॅप्युलर म्हणजे खांद्यावरून पुढे-मागे सोडलेलं लांब फडकं, काम करताना झगा मळू नये म्हणून. एका अर्थी ॲप्रनच. कथा अशी की १६ जुलै १२५१ रोजी सायमन स्टॉक या इंग्लिश कार्मेलाईटाला मारियेने दर्शन देऊन स्कॅप्युलर दिलं आणि हे अंगावर असताना जो मरेल त्याला नरकाचा अग्नी शिवणार नाही असं वचन दिलं. ही कथा लेखी सापडते ती सायमनच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी. सतराव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ द लोन्वाने तिच्यावर बोट ठेवलं. लगेच बोर्दोच्या ज्याँ शेरों या कार्मेलाईटाने १६४२ साली एक पत्र छापलं, सायमनच्या तथाकथित चिटणिसाने लिहिलेलं. मठात सापडलं म्हणे. ते बनावट होतं.

मला या शेरोंचा राग येतो. श्रद्धेवर अविश्वास असलेला माणूसच असा कागद बनवतो. त्याला वाटलं असणार, कागद नसेल तर सगळं कोसळेल. अरे, तुमचा संघच मुळी तिचं नाव नसलेल्या कागदावर उभा राहिला होता! रोमने त्या मानाने सबुरी दाखवली होती. दुसऱ्या एका वचनाबद्दल, शनिवारी ती शुद्धीस्थानातून, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मे शुद्ध होतात तिथून, आत्म्यांना सोडवते या समजुतीबद्दल, १६१३ साली निर्णय दिला: तिच्या मदतीवर, तिच्या प्रार्थनेवर विश्वास ठेवा, तसं लोकांना सांगा, पण ती शुद्धीस्थानात खाली उतरतेय अशी चित्रं काढू नका.

आजीला शेरों माहीत नव्हता. तिच्या गळ्यात दोरी असायची आणि ती दर पावसाळ्यात कुजायची. पहिलं स्कॅप्युलर फादरांकडून आशीर्वाद करून घालून घ्यावं लागतं, नंतरचं नवं नुसतं गळ्यात घातलं तरी चालतं. त्यामुळे आजीकडे दोनतीन राखीव असत, डाळीच्या डब्यात. जुनं झालेलं कचऱ्यात टाकायचं नाही. जाळायचं किंवा पुरायचं. वाडी होती तोवर केळीच्या बुडाशी पुरत होती. फ्लॅटमध्ये आल्यावर कुंडीत. १९१०पासून लोकरीऐवजी धातूचं पदक चालतं. ते मी तिला आणून दिलं होतं. तिने ते परत माझ्याच खिशात टाकलं. “हे टोचतं,” म्हणाली. लोकर खाजवते ते चालतं, पदक टोचतं ते नाही.

आपल्या बाजूला हा संघ तसा जुना आहे. १६२० साली अनवाणी कार्मेलाईट, म्हणजे या संघाचीच एक शाखा, गोव्यात आले. जुन्या गोव्यात त्यांच्या मठाचे पडके अवशेष आहेत. तिथला डायोनिसियस हा मूळचा पिएर बेर्तेलो, फ्रेंच दर्यावर्दी आणि नकाशे काढणारा. तो गोव्यात कार्मेलाईट झाला आणि १६३८ साली सुमात्रात आचे इथे सोबती रेडेम्प्टससह मारला गेला. १७२० साली मुंबईत इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून कार्मेलाईटांकडे चर्च सोपवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचे कॅथलिक प्रमुख कार्मेलाईट होते. केरळात १८३१ साली कुरियाकोस एलियास चावरा आणि सोबत्यांनी मान्नानमला सुरू केलेल्या संघाच्या नावात पुन्हा तीच दोघं, कार्मेल आणि मारिया. आणि माऊंट कार्मेल नावाच्या शाळा तर पुण्यापासून कुठे कुठे आहेत. त्या शाळांतल्या किती मुलींना माहीत असेल की आपल्या गणवेशावर हायफाजवळचा एक डोंगर आहे?

पुढच्या रविवारी मी वर्गात गेलो तेव्हा फळ्यावर तो तक्ता कोणी पुसला नव्हता. कार्मेलाईटच्या पुढची चौकट रिकामीच. मी तिथे ‘ब.’ लिहिलं आणि झऱ्याची, पत्राची, पट्ट्यांच्या घोंगड्यांची गोष्ट सांगितली. भोसकाभोसकी आली तिथे शेवटच्या बाकापर्यंत शांतता होती. ढगाची गोष्ट सांगताना बाहेर खरोखरच सर आली आणि कोणालाच काही ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा सांगावी लागली.

“सर, ब म्हणजे कोण?” ती मुलगी.

“झऱ्यापाशी राहणारा एक माणूस.”

“आणि मारिया? ती कुठल्या रकान्यात?”

“पत्रात नव्हती. पण मधल्या चर्चमध्ये होती.”

तिने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग वर बघून म्हणाली, “पण सर, परीक्षेत नुसतं ब लिहिलं तर मार्क मिळतील?”

“पेपर मीच तपासतो,” मी म्हणालो.